उद्या फागुलाल मिस्त्री नसले तर?

हा किस्सा मुर्रीपासून दरेकशापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हीच तेवढे राहिलात. कधी ना कधी कुणीतरी सांगणारच, आणि सांगताना वरून दोन चमचे तिखट घालणार. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. फजिती माझी, तर सांगायचा मानही माझाच! चहा घ्या, आणि हसू आलं तर निदान शेवटपर्यंत दाबून धरा.

मी गोंदियाजवळ, मुर्रीच्या एका राइस मिलचं ऑफिस सांभाळते. सांभाळते म्हणजे काय? तर हजेरी, बिलं, फोन, शेटजींच्या गोळ्या, हमालांची भांडणं, सगळं. टेबल एक, खुर्ची एक आणि डोक्यावर एक पंखा, जो नुसता आवाज करतो. दिवसभर अंगावर भुशाची धूळ बसते. संध्याकाळी घरी गेले की आमचे हे दारातूनच म्हणतात, "आधी झटक, मग आत ये."

म्हणून माझं एकच स्वप्न होतं. काचेची केबिन! आत कूलर, बाहेर माझ्या नावाची पाटी. हसू नका, माणसाला काहीतरी स्वप्न असावं की नाही?

आणि ते स्वप्न पूर्ण व्हायची वेळ आली होती हो! झालं असं, की शेटजींच्या डोक्यात कुणीतरी भरवलं, मिलमधलं सगळं ज्ञान माणसांच्या डोक्यात अडकलंय, ते कॉम्प्युटरवर आणायला पाहिजे. शेटजी हुशार. ते म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटर तो ले आएंगे. पहिले ये देखो, अपने लोग बताने को तैयार हैं क्या?" आणि हे बघायचं कसं, ते शिकायला त्यांनी मला नागपूरला दोन दिवसांच्या कार्यशाळेला पाठवलं.

कार्यशाळेचं नाव होतं 'ज्ञान व्यवस्थापनासाठी संस्थेच्या सांस्कृतिक सज्जतेचे मूल्यमापन'. एका दमात वाचता येईना, म्हणजे भारीच असणार! पण गोष्ट साधी होती. आपल्या जागेतली माणसं एकमेकांना माहिती देतात का? चुका कबूल करतात का? की एकच माणूस सगळं डोक्यात घेऊन बसलाय आणि तो गेला की कुलूप?

तिथल्या सरांनी दोन मंत्र दिले. पहिला, प्रत्येकाला विचारा, 'उद्या अमुक माणूस नसला तर तुमचं काम कसं चालेल?' दुसरा, का विचारताय ते सांगू नका, नाहीतर लोक सजवून उत्तरं देतात.

परत आल्यावर शेटजी म्हणाले, "रिपोर्ट अच्छी बनाओ. इसका ऑफिसर आपको ही बना देंगे. केबिन के साथ." केबिन के साथ! मी त्याच संध्याकाळी मनातल्या मनात पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला.

आता आमच्या मिलमध्ये 'अमुक माणूस' कोण? तर फागुलाल मिस्त्री. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. आमचा शेलर, म्हणजे धानाचं टरफल काढणारी मशीन, ती लावावी काकाजींनीच. दुसऱ्यानं लावली की तांदळाचा नुसता चुरा. आणि ती लावताना काकाजी काय करत? मशीनपुढं बारदान्याचा पडदा सोडत! आत कुणी यायचं नाही. बराच वेळ आतून काही आवाज नाही, मग घरघर सुरू, आणि तांदूळ कसा अख्खा, चकचकीत! बाहेर उभ्या उभ्या माझे हात जोडायचेच तेवढे बाकी असायचे.

बिचाऱ्यांना त्रास एकाच गोष्टीचा, मोटरच्या पट्ट्याचा. दरवर्षी दिवाळी झाली, नव्या धानाचे ट्रॅक्टर फाटकाशी उभे राहिले, की ऐन गर्दीत पट्टा जायचा आणि मिल दोन दिवस बंद. मग मी शहरातल्या पट्टेवाल्या दुकानदाराला फोनवर असा काही झापायचे, की विचारू नका! "हा काय माल देता? एक वर्ष टिकत नाही?" तो नरमाईनं म्हणायचा, "जी मॅडम, गलती हो गई. दो दिन में बदलके भेजता हूं. मंडई मुबारक!" आणि दोन दिवसांनी नवाकोरा पट्टा फुकटात हजर. माझ्या एका फोनची ही ताकद. मी हे माहेरीसुद्धा सांगितलं होतं.

तर, त्या वर्षी दिवाळी झाली. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुणे, दुकानं, पाळणे, रात्री दंडारीचा खेळ. मिलच्या गावची मंडई तोंडावर आली होती. त्याच सुमारास शेलर साफ करताना काकाजींच्या घशात धूळ गेली आणि खोकला थांबेना. मीच त्यांना स्कूटीवर मागं बसवून गोंदियाला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तपासलं. काकाजी बाहेर स्कूटीपाशी गेले आणि औषध कसं द्यायचं ते समजून घ्यायला मी एकटी आत थांबले. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आराम, धूळ नको, मिठाच्या गुळण्या करा. झालं! मी बाहेर येऊन काकाजींना म्हटलं, "चला, दोन दिवस घरी राहायचं," आणि वाटेत त्यांना समोसा खाऊ घातला.

हे लक्षात ठेवा. मी एकटी आत थांबले. आणि बाहेर आल्यावर समोसा खाऊ घातला.

दुसऱ्या दिवशी काकाजी घरी. मी म्हटलं, हीच संधी! मूल्यमापन सुरू. पहिला धरला सेवकरामला. हा काकाजींच्या हाताखालचा, मनानं चांगला, तोंडानं आकाशवाणी.

"सेवक, एक सांग. उद्या फागुलाल काकाजी नसले, तर मिल कशी चालेल?"

सेवकच्या हातातला पाना खाली पडला.

"काऊन जी, मॅडम?"

"सहज विचारतेय."

"डॉक्टर काही बोलले का?"

"ते सोड. तू मनमोकळं उत्तर दे. आणि हे आपल्या दोघांतच ठेव."

सेवकनं टोपी काढून हातात घेतली आणि मशीनकडं बघत उभा राहिला. मी नोंद केली, 'प्रश्नाने कर्मचारी अस्वस्थ.'

मग गेले धान वाळवणाऱ्या बायकांकडं. तोच प्रश्न. एकीनं लगेच डोळ्याला पदर लावला. "असं बोलू नये जी मॅडम. लय चांगला मानूस आहे."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. काय बोलले माहितीये? म्हटलं, "अगं, एक दिवस सगळ्यांनाच जायचं असतं. आपण मनाची तयारी ठेवायला हवी."

मी रिटायरमेंटबद्दल बोलत होते हो! साठी उलटलेला माणूस, दुसरं काय बोलणार?

अशी मी मिलभर फिरले. बॉयलरवाला, हमाल, वजनकाट्यावरचा माणूस, कुणाला सोडलं नाही. प्रत्येकाला तोच प्रश्न आणि प्रत्येकाला शेवटी तेच, "कुणाला सांगू नका." आता तुम्हीच सांगा, आमच्या भागात 'कुणाला सांगू नका' म्हणणं आणि भोंगा लावून सांगणं यात फरक काय? पण मला कुठलं भान! दुपारी डब्यापाशी एकही माणूस बोलेना. सगळे माझ्याकडं बघत आणि मी बघितलं की मान खाली. कार्यशाळेत सांगितलं होतं, बदलाची चाहूल लागली की आधी शांतता येते, मग रडणं. मी तर खूश! अगदी पुस्तकाप्रमाणं चाललं होतं.

संध्याकाळी फोन आला, काकाजींच्या बायकोचा, रमुलाकाकींचा.

"मॅडम, लपवू नका जी. काय आहे ते खरं सांगा."

मला वाटलं, मूल्यमापनाची बातमी फुटली. मी आवाज एकदम मऊ केला. "काकी, आत्ता नाही सांगता येणार. पण घाबरू नका. उद्या मी घरी येते, काकाजींशी शांतपणे बोलू. घरचे सगळे असतील तर बरंच."

फोन कट झाला. मी म्हटलं, रेंज गेली असेल.

रात्री जेवताना आमच्या ह्यांनी विचारलं. ह्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मोबाइल कमी आणि गप्पाच जास्त दुरुस्त होतात तिथं. म्हणाले, "तुमच्या मिस्त्रीची तब्येत जास्त आहे म्हणे?"

"छे! खोकला आहे नुसता. तुमच्या दुकानात बसून लोक काय वाट्टेल ते बोलतात."

"बरं," म्हणाले, आणि भाजी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. कार्यशाळेत सांगितलं होतं, जाणकार माणसाचं ज्ञान टिपून घेताना त्याच्या घरी जा, आधी त्याचा सन्मान करा. म्हणून मी शाल घेतली, नारळ घेतला, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून किलोभर सफरचंदं घेतली. आता आमच्याकडं सफरचंदं घेऊन आजाऱ्याच्याच घरी जातात, हे मला माहीत नव्हतं का? होतं! पण केबिन डोळ्यांवर आली की माणसाला दुसरं दिसत नाही.

काकाजींच्या अंगणात चपलाच चपला. काकाजींची लेक पहाटेच्या गाडीनं दरेकशाहून आली होती, लेकरं कडेवर. बिरसीचे साडू, साळी, कोण कोण. मी म्हटलं, वा, मंडईचे पाहुणे लवकरच आले! मी सगळ्यांकडं बघून हसले. कुणीही हसलं नाही. एका म्हातारीनं माझ्या हातातली सफरचंदं बघितली आणि कपाळाला हात लावला.

आत काकाजी खाटेवर बसलेले. नवा शर्ट, तेल लावून भांग. पुढ्यात वड्यांची थाळी आणि वाटीभर खीर. भिंतीला लागून सेवक आणि मिलचे अर्धे लोक उभे. मिलमध्ये कोण आहे मग? हा विचार मला तेव्हा यायला पाहिजे होता.

काकाजींनी मला जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मले काहीतरी झालं आहे."

"काय झालं?"

"रमुला वडे देऊन राहिली. मागतले तर अजून देऊन राहिली. कालपासून एकदा बी भांडली नाई जी!"

"किती जीव लावतात काकी तुम्हाला!"

काकाजींनी माझ्याकडं असं बघितलं, की अजून आठवलं तरी लाज वाटते. तेव्हा मात्र मी पिशवीतून शाल काढली आणि त्यांच्या खांद्यावर घातली. हातात नारळ दिला. मागून कुणाचातरी हुंदका आला. मी मोबाइल स्टँडवर लावला, व्हिडिओ सुरू केला, आणि कार्यशाळेत घोटून घेतलेलं वाक्य बोलले.

"काकाजी, तुमच्याजवळ जे काही आहे ते आज सगळं सांगून टाका. पुढच्यांच्या कामी येईल."

काकाजींनी नारळ मांडीवर घेतला. "टाइम किती आहे जी?"

रात्री मोबाइल चार्जिंगला लावायचा विसरले होते. मी बॅटरी बघितली, लाल. म्हटलं, "फार नाही, काकाजी. सुरू करा."

लेकीनं हंबरडाच फोडला. काकाजींनी हात वर करून तिला गप्प केलं. गडी खंबीर! एक वडा तोंडात टाकला, खीर प्यायली आणि सुरुवात केली.

"सेवक, इकडं ये. तुही छत्री हरवली होती ना? मीच नेली होती."

"असू द्या जी काकाजी," सेवक रडत म्हणाला.

"अन् तो शेलरचा पडदा. लोक म्हनत, फागुलाल आत काय जादू करते? काही नाई करत. चाक जरासं फिरवतो अन् पडद्यामागं डुलकी घेतो. पडदा झोपेसाठी आहे."

मी मोबाइल आणखी जवळ सरकवला. काय माहिती बाहेर येत होती!

"रमुला," काकाजी बायकोकडं वळले, "तुह्या माहेरच्या मंडईले दरसाल माहं पोट दुखते. ते दुखत नाई. तुहा भाऊ लय बोलते म्हनून मी जात नाई."

रमुलाकाकींचं रडणं थांबलं. एकदम थांबलं. पण माणूस जायला निघालेला, बोलणार काय?

"आता शेवटचं. सेवक, नीट ऐक. परवा मंडई. उद्या मोटरचा पट्टा उतरवाचा आहे. मी नसलो तर कोन करीन? मोटरखालचा नट पहिले सैल कर, मंग पट्टा आपोआप सरकते. तुटू देऊ नको. अन् ऑफिसात जाऊन तोंड पाडून सांग, पट्टा गेला. सगळ्याइले मंडईची सुट्टी भेटली पाहिजे. माह्या मागं ही रीत मोडू नको."

मी उभ्या उभ्या थिजले. पट्टा? दरवर्षीचा? तो काकाजी स्वतः उतरवत?

सेवकनं नाक पुसलं. "काकाजी, ते मले मालूम आहे जी. मागच्या दोन मंडईले मीच उतरवला. तुमी पडद्यामागं झोपून होते."

तेवढ्यात दारात गाडी थांबली आणि शेटजी आत आले. हात जोडलेले, चेहरा पडलेला. मी म्हटलं, यांनी पट्ट्याचं ऐकलं की काय? पण ते सरळ खाटेपाशी गेले. "फागुलालजी, हिम्मत रखो. आज ही नागपूर चलते हैं. बडे से बडे डॉक्टर को दिखाएंगे." मग माझ्याकडं वळून, "मॅडम, यहां के डॉक्टर ने आपको अंदर रोकके क्या बताया?"

"मला? दोन दिवस आराम, धूळ नको, मिठाच्या गुळण्या."

"और?"

"और काही नाही."

काकाजी हळूच म्हणाले, "मंग मी... मरून नाई राहिलो?"

"अगंबाई! तुम्ही कशाला मरताय काकाजी?"

पहिली हालचाल कुणाची झाली असेल? रमुलाकाकींची. त्यांनी वड्यांची थाळी उचलली. खिरीची वाटी पण उचलली. आणि म्हणाल्या, "माहा भाऊ लय बोलते का? थांबा, पाहुणे जाऊ द्या!"

मग सगळे एकदम माझ्यावर. सेवक म्हणाला, "मंग मॅडम, तुमी मिलभर विचारत काऊन फिरल्या, काकाजी नसले तर काय करान म्हनून?" धान वाळवणारी बाई म्हणाली, "अन् एक दिवस सगळ्याइले जाचं आहे, असं काऊन म्हनलं?" ती म्हातारी म्हणाली, "अन् सफरचंदं?"

मी घसा साफ केला. म्हटलं, "ते ज्ञान व्यवस्थापनासाठी संस्थेच्या सांस्कृतिक सज्जतेचं मूल्यमापन होतं."

लेकीचं लहान पोर रडायला लागलं.

खरं सांगते, मला तेव्हा रडू आलं. केबिनपायी मी एका धडधाकट माणसाला खाटेवर बसवून त्याचा शेवटचा निरोप रेकॉर्ड करत होते! मी काकाजींचे पाय धरले. म्हटलं, माफ करा, चुकलं माझं. काकाजी शाल सावरत म्हणाले, "राहू द्या जी. दोन दिवस वडे भेटले." आणि मग त्यांचा चेहरा उतरला. कारण शेटजी अजून तिथंच उभे होते, आणि दार सताड उघडं होतं.

"शेटजी," काकाजी नारळाकडं बघत म्हणाले, "तुमी पट्ट्याचं ऐकलं का?"

माझं सोडा, आता काकाजींची नोकरी गेली की काय? इतक्या वर्षांची इज्जत, माझ्या एका व्हिडिओपायी?

शेटजींनी खुर्ची ओढली, बसले आणि काकींच्या हातातल्या थाळीतून एक वडा उचलला. "कौनसा पट्टा? मंडईवाला? वो तो मुझे मालूम है."

"मालूम आहे?" हे मी ओरडले.

"अरे मॅडम, सबको मालूम है! मैं सीधे छुट्टी दूंगा तो बाकी मिलवाले मेरे नाम से रोएंगे. पट्टा टूटे तो कौन क्या बोलेगा? मैं खुद हर साल मंडई में ससुराल जाता हूं."

मी सेवककडं बघितलं. सेवकनं मान डोलावली. बायकांकडं बघितलं, त्यांनी पदर तोंडाला लावलेला, पण या वेळी हसू दाबायला. बॉयलरवाला, हमाल, काट्यावरचा माणूस, दरेकशाची लेक, बिरसीचे साडू! सगळ्यांना माहीत! माझ्या डोक्यात एक भयंकर विचार आला.

"आणि तो पट्टेवाला?"

"तो तर आपलाच मानूस आहे," काकाजी म्हणाले. "पट्टा त्याच्या दुकानात नेऊन ठेवतो. तो पुसते, पॉलिश मारते अन् मंडई झाली का वापस पाठवते. एकच पट्टा आहे जी मॅडम, पहिलेपासून. लय मजबूत आहे. तुमी त्याले दरसाल फोनवर झापता ना, मले लय वाईट वाटते त्याच्यासाठी."

मंडई मुबारक! दरवर्षी तो माणूस मला मंडई मुबारक म्हणत होता आणि मी म्हणत होते, किती सभ्य दुकानदार आहे!

दुसऱ्या दिवशी पट्टा गेला. सेवक तोंड पाडून माझ्या टेबलापाशी आला, पण त्याला हसू आवरेना. रीत म्हणून मी दुकानदाराला फोन लावला आणि त्यानं काही बोलायच्या आधी म्हटलं, "मंडई मुबारक, भाऊ." पलीकडून आवाज आला, "मॅडम को किसी ने बता दिया क्या?"

रिपोर्ट मी लिहिला. अगदी प्रामाणिकपणे. लिहिलं की मिलमधली माणसं एकमेकांना सगळं सांगतात, चुका कबूल करतात, फक्त त्यासाठी त्यांना मरायला टेकवावं लागतं. एकाचं काम दुसऱ्याला येतं. बातमी मुर्रीहून दरेकशाला गाडीच्या आधी पोचते. संस्था पूर्ण तयार आहे. फक्त एका टेबलापर्यंत काहीच पोचत नाही, आणि का विचारतोय ते कुणाला न सांगणारा माणूसही त्याच टेबलावर बसतो.

शेटजींनी वाचून विचारलं, "केबिन चाहिए अब भी?"

"द्याल तर..."

"काच के अंदर बैठोगी तो जो थोडा सुनाई देता है, वो भी बंद." आणि माझं टेबल उचलून चहाच्या टपरीपाशी, वजनकाट्याजवळ आणून ठेवलं. पंखा तोच. धूळ दुप्पट. कॉम्प्युटर अजून आला नाही, पण काकाजी आता पडदा न लावता शेलर लावतात आणि सेवकला शेजारी उभं करतात. झोपायला त्यांना दुसरी जागा सापडली आहे. कुठं, ते मला माहीत आहे. सांगणार नाही.

आता खरी गंमत ऐका. पुढच्या वर्षी दिवाळी झाली. एका दुपारी सेवक माझ्या टेबलापाशी आला, इकडं तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, उद्या पट्टा जानार आहे जी. तुमाले पहिले सांगून ठेवतो."

काय सांगू, माझा ऊर भरून आला! इतक्या वर्षांनी मला कुणीतरी आधी सांगितलं होतं. शेवटी मीही त्यांच्यातली झाले! तो गेल्याबरोबर मी ह्यांना फोन लावला. आवाज चोरून, मोठं गुपित सांगावं तसं म्हटलं, "ऐका, कुणाला सांगू नका. उद्या आमच्या मिलचा पट्टा जाणार आहे. दोन दिवस सुट्टी. माझ्या माहेरच्या मंडईला जाऊ या."

हे म्हणाले, "मला परवाच समजलं. बॅग भरून ठेवली आहे. तुझ्या भावाला पण कळवलं."